कॉलेज बघायला निघालेल्यांसाठी

मे महिना लागला की गोहलपुरातल्या आमच्या घरी बारावी झालेली मुलं आणि त्यांचे आईवडील यायला लागतात. कोणी तुमसरहून, कोणी गोंदियाहून, कोणी अमरावतीहून. जबलपुरात आपलं माणूस आहे, एवढ्या ओळखीवर नातेवाइकांचे नातेवाईकही येतात, आणि मला ते आवडतं. माझे सासरे नागपूरहून इथल्या गन कॅरेज फॅक्टरीत नोकरीला आले, पुढे गोहलपुरात घर बांधलं आणि आम्ही इथलेच झालो. मी इथल्या शाळेत शिकवलं. निवृत्त झाल्यापासून मुलांना कॉलेज दाखवत फिरणं हे माझं आवडीचं काम झालं आहे.

फिरायला जागा भरपूर आहेत. आमच्यापासून जवळ, अधारतालला, १९६४ सालचं जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठ आहे. पचपेढीला राणी दुर्गावती विद्यापीठ. ते १९५६ मध्ये जबलपूर विद्यापीठ म्हणून सुरू झालं आणि १९८३ मध्ये त्याला गोंडवनाच्या राणीचं नाव मिळालं. पशुवैद्यकीय कॉलेज १९४८ चं, मेडिकल १९५५ चं. डुमना विमानतळाच्या रस्त्यावर २००५ मध्ये निघालेली ट्रिपल आयटी. इंजिनिअरिंग कॉलेज १९४७ चं, पण ते गोकलपुरात, रांझीकडे. एका अक्षराच्या फरकामुळे काही पालक सामानासकट आमच्या गोहलपुरात येऊन उतरतात, आणि मग त्यांना पाणी देऊन योग्य रिक्षात बसवून द्यावं लागतं.

या सगळ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘कॉलेज चांगलं आहे का हो?’ माझा उलटा प्रश्न असतो, ‘कोणासाठी?’ एकाच कॉलेजात एक मूल फुलताना आणि दुसरं कोमेजताना मी पाहिलं आहे. इमारत तीच, प्राध्यापक तेच, अभ्यासक्रम तोच. इतक्या वर्षांत जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे.

१. आधी मूल बघा

माझा अमरावतीचा भाचा आणि तुमसरची पुतणी, दोघं एका वर्षाच्या अंतराने माझ्याकडे आले. दोघंही हुशार. भाचा कुठेही सोडा, संध्याकाळपर्यंत चार मित्र जोडून येईल. पण अभ्यासाला कोणीतरी मागे लागावं लागतं. पुतणी स्वतःहून पहाटे उठून वाचत बसेल. पण वर्गात तिला नावाने कोणी ओळखत नसेल तर महिनाभर तोंड उघडणार नाही. या दोघांना एकच कॉलेज ‘चांगलं’ कसं असेल?

म्हणून बाहेर पडण्याआधी मी मुलाला जवळ बसवून काही गोष्टी विचारते. गणित अडलं की कोणाकडे जातोस? आजारी पडल्यावर सांगतेस की लपवतेस? गर्दीत बरं वाटतं की दमायला होतं? मार्क कमी पडले तेव्हा घरी कधी सांगितलंस, त्याच दिवशी की आठवड्याने? आईवडील शेजारी बसलेले असले तर खरी उत्तरं येत नाहीत. त्यांना मी स्वयंपाकघरात चहाला बोलावते आणि मुलाशी गच्चीवर बोलते.

अडचण आल्यावर न सांगणाऱ्या मुलाला अशी जागा हवी जिथे न सांगताही कोणाच्या तरी लक्षात येईल. म्हणजे लहान वर्ग, हजेरी घेताना चेहऱ्याकडे बघणारे शिक्षक, होस्टेलमध्ये फेरी मारणारा वॉर्डन. स्वतः बोलणाऱ्या मुलाला मोठी, गजबजलेली जागा चालते, कधीकधी तीच लागते. हे आधी ठरलं की निम्मी यादी आपोआप गळते.

२. साध्या दिवशी जा, आणि दोनदा जा

प्रवेशाच्या दिवसांत कॉलेज बघून काहीच कळत नाही. जूनमध्ये मुलं सुटीवर असतात, आवार रिकामं असतं, भिंतींना नुकता रंग दिलेला असतो. वार्षिक उत्सवातही जाऊ नये. तेव्हा सगळीच कॉलेजं सुंदर दिसतात. मूल अकरावीत असताना सप्टेंबरात किंवा फेब्रुवारीत, मधल्या वारी जावं. एकदा सकाळी अकराला आणि एकदा संध्याकाळी सातला. बाहेरगावच्या पालकांना एक मुक्काम वाढवावा लागतो. तेवढा वाढवावा, असा मी आग्रह धरते.

पुतणीला मी कृषी विद्यापीठात सप्टेंबरातच नेलं होतं. सकाळी प्रयोगाच्या वाफ्यांत मुलं चिखलात उभी होती, हातात वह्या. एक प्राध्यापक स्वतः वाकून रोपाचं मूळ दाखवत होते आणि चारपाच मुलं त्यांच्या डोक्यावरून वाकून बघत होती. पुतणी कुंपणापाशी बराच वेळ थांबली. शेतकऱ्याच्या घरातली पोर ती, धानाच्या बांध्यांत वाढलेली. तिला ते आवार परकं वाटलं नाही, हे तिच्या उभं राहण्यावरूनच मला दिसलं.

संध्याकाळी सातला मी चार ठिकाणी बघते. ग्रंथालयात दिवे आहेत का, आणि आत माणसं आहेत का. कँटीनमध्ये मुलंमुली एकत्र बसली आहेत की दोन बाजूंना. सूचनाफलकावर शेवटचा कागद कधीचा आहे. दोन वर्षांपूर्वीच्या स्पर्धेची सूचना अजून लटकत असेल तर तिथे पुढे काही घडलेलं नाही. आणि फाटकावरचा रखवालदार. तो आपल्याशी कसा बोलतो याला महत्त्व नाही, आपण पाहुणे असतो. तो विद्यार्थ्यांशी कसा बोलतो ते कान देऊन ऐकावं. वरपासून खालपर्यंत मुलांना ज्या स्वरात बोललं जातं, तोच स्वर रखवालदाराच्या तोंडी उतरतो.

वर्गाच्या खिडकीतूनही बघावं. मुलं प्रश्न विचारतात का? विचारल्यावर शिक्षक थांबतात का? तास संपल्यावर दोनतीन मुलं शिक्षकांबरोबर बोलत बाहेर येताना दिसली, तर ती त्या विभागाची मोठी शिफारस समजावी.

३. तिथली माणसं कशाबद्दल अभिमानाने बोलतात ते ऐका

हा प्रश्न मी हमखास विचारते, ‘तुमच्या कॉलेजची कोणती गोष्ट तुम्हाला सगळ्यात मोठी वाटते?’ कोणी पगाराचा आकडा सांगतो, कोणी इमारतीचा, कोणी कुठल्या नेत्याने उद्घाटन केलं ते.

कृषी विद्यापीठात एका वयस्क कर्मचाऱ्याला विचारलं तर त्यांनी सोयाबीनचं नाव घेतलं. त्यांचं म्हणणं खरंच होतं. साठच्या दशकात अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने पंतनगरला आणि इथे सोयाबीनवर काम सुरू झालं, आणि पुढे मध्य प्रदेश सोयाबीनचं राज्य झालं. याच विद्यापीठाचं १९९४ मध्ये आलेलं जेएस ३३५ हे वाण विदर्भ-मराठवाड्यात इतकं पसरलं की शेतकरी बियाण्याच्या दुकानात नुसतं ‘तीनशे पस्तीस’ मागायचे. त्यातलं ‘जे’ म्हणजे जवाहर, या विद्यापीठाचं नाव. तुमसरच्या माझ्या दिरांनी तो आकडा हजारदा ऐकला होता, पण ते वाण आमच्या घराच्या इतक्या जवळच्या विद्यापीठाचं, हे त्यांना तेव्हा कळलं. लेकीला इथे पाठवावं असं त्यांना पहिल्यांदा मनापासून वाटलं ते त्या दिवशी.

पगाराचा अभिमान वाईट नाही. नोकरी लागायलाच हवी. पण ज्या जागेला केलेल्या कामाचा अभिमान आहे, तिथे नव्या मुलालाही आपण काही करावं असं वाटतं. जिथे फक्त पॅकेजचं बोललं जातं, तिथे पॅकेज न मिळालेली मुलं चौथ्या वर्षी मान खाली घालून फिरतात. ती मी पाहिली आहेत.

४. संध्याकाळची भाषा कोणती

वर्गात इंग्रजी असते, हे सगळ्यांना माहीत असतं. होस्टेलच्या व्हरांड्यात, मेसच्या रांगेत कोणती असते, हे कोणी विचारत नाही. मराठी माध्यमातून आलेल्या भंडारा-गोंदियाच्या मुलांना हिंदी समजते, त्या पट्ट्यात ती कानावर असते. पण समजणं वेगळं आणि हिंदीत भांडणं, चेष्टा करणं, रडणं वेगळं. पहिले चारसहा महिने मूल गप्प राहतं, आणि घरच्यांना वाटतं कॉलेज आवडलं नाही.

कृषीच्या मुलांना तर गावात जावं लागतं. शेवटच्या वर्षाचा ‘रावे’, म्हणजे ग्रामीण कार्यानुभव, महाराष्ट्रात करणाऱ्या मुलामुलींना आपण कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतो, वर्तमानपत्रांत त्यांच्या बातम्या येतात. इथे तेच काम बुंदेली बोलणाऱ्या शेतकऱ्यांसमोर करायचं असतं. पुतणीला मी आधीच सांगितलं होतं, भाजीवालीशी, दूधवाल्याशी तूच बोलायचं, काकूला पुढे करायचं नाही. वर्षभरात तिची जीभ अशी वळली की ती आता आईशी फोनवर बोलतानाही मध्येच ‘काए’ म्हणते.

मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये एमबीबीएसची पुस्तकं हिंदीत आणली, तेव्हा इथल्या खूप घरांत आनंद झाला. गावाकडच्या मुलांसाठी तो निर्णय योग्यच आहे. तरीही नागपूरहून येणाऱ्या मुलाने आपल्याला कोणती पुस्तकं सोयीची पडणार आणि शिक्षक प्रत्यक्षात कोणत्या भाषेत समजावतात, हे विचारून घ्यावं. माहितीपत्रकात ते लिहिलेलं नसतं. तास ऐकूनच कळतं.

आणि एक. आवारात मराठी मुलांचा गट असला तर पालकांना हायसं वाटतं, मलाही वाटतं. गणपतीत आमच्या घरी ती सगळी जेवायला येतात. मात्र चार वर्षं त्याच गटात राहिलेलं मूल जबलपूर न बघताच परत जातं. सहाध्यायी मंडल्याचे असतात, डिंडोरीचे असतात. गोंड आणि बैगा घरांतली, आपल्या घरातून पहिल्यांदाच कॉलेजला आलेली मुलं असतात. त्यांच्या खोलीत बसून त्यांच्या गावच्या गोष्टी ऐकणं हेही शिक्षणच आहे.

५. सर्वात बुजऱ्या मुलाला ती जागा कसं वागवते

या मुद्द्यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण बाकी सगळं चुकलं तरी निभावतं, हे चुकलं तर निभावत नाही.

माझा एक जुना विद्यार्थी, इथल्याच मोहल्ल्यातला, बाहेरच्या एका शहरात मोठ्या संस्थेत गेला. दिवाळीला आला तेव्हा केस बारीक कापलेले, मान खाली. जेवताना आईने हाक मारली की दचकायचा. ‘थर्ड बटन’ म्हणजे काय, ते मला त्याच्याकडून कळलं. सिनियर समोर आला की ज्युनियरने आपल्या शर्टाच्या तिसऱ्या बटणाकडे बघत उभं राहायचं, डोळे वर करायचे नाहीत. बाहेरच्याला वाटतं मुलगा नम्र आहे. तो मुलगा पुढे तिथे टिकला नाही. आज तो दुसऱ्या कॉलेजातून पास होऊन नोकरीला आहे, पण त्याचं ते वर्ष कोणी परत देणार नाही.

तेव्हापासून कुठल्याही आवारात गेले की मी पहिल्या वर्षाच्या मुलांच्या माना बघते. एकाच मापाचे केस, एकाच रंगाचे शर्ट, रस्त्याच्या कडेने रांगेत चालणं, सिनियरची मोटारसायकल आली की थांबणं. एवढं दिसलं तर कार्यालयात कोणी काहीही सांगो, मी त्या पालकांना दुसरीकडे बघायला सांगते.

कायदा आहे. मार्च २००९ मध्ये हिमाचलातल्या टांडा मेडिकल कॉलेजात अमन काचरू हा १९ वर्षांचा मुलगा सिनियरांच्या मारहाणीनंतर गेला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगविरोधी विनियम केले. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी आणि पालक दोघांकडून हमीपत्र घेतलं जातं. १८००-१८०-५५२२ ही देशभराची मदतवाहिनी आहे. हा नंबर मुलाच्या फोनमध्ये आणि पाकिटातल्या कागदावरही असू द्या, कारण अशा प्रसंगी पहिल्यांदा फोनच काढून घेतला जातो.

पण मार, उठाबशा, केस कापणं एवढंच रॅगिंग नसतं. जळगावची डॉक्टर पायल तडवी मुंबईच्या नायर रुग्णालयात स्त्रीरोगशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेत होती. आदिवासी तडवी भिल्ल समाजातली मुलगी. २२ मे २०१९ ला तिने जीव दिला, आणि सिनियर डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला. ती लहान नव्हती, अडाणी नव्हती; डॉक्टर होती. घरच्यांना तिने त्रास सांगितलाही होता. तिच्या आईने, आबेदा तडवी यांनी, तिच्यासारखाच जीव दिलेल्या विद्यार्थ्याच्या, रोहित वेमुलाच्या, आईबरोबर सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, ती आपल्या मुलांसारख्या बाकीच्या मुलांसाठी. महाराष्ट्रातल्या प्रत्येक पालकाने हे प्रकरण वाचावं असं मला वाटतं. आरक्षणातून आलेल्या मुलाला ‘तू कुठल्या कोट्यातला?’ हा प्रश्न कोण विचारतं, किती सहज विचारतं आणि शेजारी बसलेले ऐकून हसतात का, त्या जागेची संस्कृती यातच दिसते. २०१२ च्या विनियमांनुसार प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष हवा. तो कोणत्या खोलीत आहे, असं कार्यालयात विचारा. बाबू लगेच हात दाखवतो की शेजाऱ्याकडे बघतो, तेवढं पुरे.

मुलांना विचारायचं तर पहिल्या वर्षाच्या मुलांना विचारू नका, ती घाबरलेली असतात. चौथ्या वर्षाच्यांनाही नको, त्यांना सगळं गोड वाटायला लागलेलं असतं. दुसऱ्या वर्षाच्या मुलाला चहा पाजून विचारा, ‘पहिल्या वर्षी सगळ्यात अवघड काय गेलं? तेव्हा मदत कोणी केली?’ दुसऱ्या प्रश्नाला नाव मिळालं, एखाद्या सरांचं, सिनियर ताईचं, मेसच्या काकांचं, तर माझा जीव भांड्यात पडतो.

६. मुलीसाठी दार किती उघडं आहे

गोहलपुरात शिलाई मशीन घरोघरी चालतं. जबलपूरचे सलवार-सूट देशभर जातात आणि लेमा गार्डनचा रेडिमेड कपड्यांचा क्लस्टर आमच्याच भागात आहे. आमच्या शेजारच्या मास्टरांची मुलगी बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली तेव्हा ते मला म्हणाले, ‘मॅडमजी, कॉलेज असं सांगा की पोर अंधार पडायच्या आत घरी येईल.’ त्यांच्या दृष्टीने निवडीचा हा पहिला निकष होता. मी त्याला हलकं समजले नाही. रोज येजा करणाऱ्या मुलीसाठी बसची वेळ, शेवटच्या तासाची वेळ आणि उतरल्यावरचा रस्ता, हे सगळं मिळून कॉलेज असतं.

आम्ही तिघं काही कॉलेजांत गेलो. मुलगी डोक्याला ओढणी घट्ट बांधून. एका ठिकाणी कार्यालयातल्या बाईंनी सगळं मास्टरांना समजावलं, मुलीकडे पाहिलंही नाही. दुसऱ्या ठिकाणी प्राध्यापिकेने थेट मुलीला विचारलं, ‘बेटा, तुला काय वाचायला आवडतं?’ घरी परतताना मुलगी वडिलांना म्हणाली, ‘अब्बू, दुसरं.’ आज ती तिथेच एमएस्सी करते आहे.

होस्टेलवर राहणाऱ्या मुलींची गोष्ट निराळी. मुलींचं फाटक किती वाजता बंद होतं आणि मुलांचं किती वाजता, हे दोन्ही आकडे विचारून घ्या. ग्रंथालय दहापर्यंत उघडं आणि मुलींचं फाटक सातला बंद असेल, तर ते ग्रंथालय मुलींचं नाही. दिल्लीच्या मुलींनी २०१५ मध्ये ‘पिंजरा तोड’ म्हणत हाच मुद्दा रस्त्यावर आणला. काही आयांना लवकर बंद होणारं फाटक बरं वाटतं. त्यांची काळजी मला कळते. पण सुरक्षा म्हणजे दिवे लागलेला रस्ता, रात्री फिरणारी गस्त आणि तक्रार ऐकणारी समिती. अंतर्गत तक्रार समिती २०१५ च्या विनियमांनुसार बंधनकारक आहे आणि तिच्या सदस्यांची नावं विद्यार्थिनींना माहीत असायला हवीत. होस्टेलच्या दारावर तो फलक आहे का, ते बघा. वाटेत भेटेल त्या मुलीला विचारा, ‘समितीत कोण आहे?’

७. जुनं की नवं

जुन्या कॉलेजला सवयी असतात, चांगल्या आणि वाईट दोन्ही. इंजिनिअरिंग कॉलेजचंच घ्या. शरद यादव तिथे शिकले, विद्यार्थी नेते झाले आणि १९७४ च्या पोटनिवडणुकीत जबलपूरमधून थेट लोकसभेत गेले. शहरातल्या जुन्या लोकांच्या तोंडी तो काळ अजून आहे. अशा जागी माजी विद्यार्थ्यांचं जाळं देशभर असतं, सिनियरांचा शब्द चालतो, आणि वागण्याच्या रीती पिढ्यान्‌पिढ्या पुढे जातात.

नव्या संस्थेत सगळं घडायचं असतं. धर्मशास्त्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ इथे २०१८ मध्ये सुरू झालं ते रिज रोडवरच्या दूरसंचार प्रशिक्षण संस्थेच्या आवारात. ट्रिपल आयटीनेही सुरुवातीचे दिवस इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारात काढले, मग डुमन्याच्या जंगलपट्ट्यात स्वतःचं घर केलं. पहिल्या तुकड्यांच्या मुलांनीच तिथले क्लब, उत्सव, वादविवाद मंडळं उभी केली. असं काही उभं करायची हौस असलेल्या मुलाने नव्या जागी जावं. भाच्याला डुमन्याला नेलं तेव्हा त्याच्या आईला शहरापासून लांब म्हणून धास्ती वाटली. मला उलट वाटलं. बाजार लांब, सिनेमा लांब, म्हणून सगळी मुलं आवारातच असतात आणि अभ्यासाला मागे लागणारे सोबती आपोआप मिळतात. त्याला तेच हवं होतं.

८. क्रमवारी वाचा, पण तिच्यावर झोपू नका

एनआयआरएफची, म्हणजे केंद्र सरकारची, क्रमवारी २०१६ पासून निघते. शिकवणं, संशोधन, पदवीनंतरची वाट, सर्वसमावेशकता आणि लोकांतलं नाव, अशा पाच कसोट्या तिच्यात आहेत. दोन कॉलेजांत शंभर क्रमांकांचा फरक असेल तर त्याला अर्थ आहे, पाचदहाचा असेल तर नाही. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅककडे दिलेला स्वयंमूल्यांकन अहवाल संस्थेच्या संकेतस्थळावर असतो; त्यात शिक्षकांच्या किती जागा भरलेल्या आहेत ते वाचा. अर्धे शिक्षक तासिका तत्त्वावर असतील तर त्यांच्या मनात इच्छा असूनही मुलांसाठी वेळ उरत नाही.

९. खर्चाची बरोबरी

फी सगळे विचारतात. रोजचा खर्च कोणी विचारत नाही. वाढदिवसाला हॉटेलात नेण्याची पद्धत आहे का, सहलीची वर्गणी किती, वर्गातली निम्मी मुलं मोटारसायकलवर येतात की सायकलवर. ज्याचा बाप धान विकून पैसे पाठवतो, त्याला महागड्या सोबतीत रोज एक खोटं कारण सांगावं लागतं. आज पोट बिघडलंय, आज अभ्यास आहे, आज मामा येणार आहेत. हळूहळू त्याला बोलावणं बंद होतं. आयसीएआरच्या, म्हणजे भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या, कोट्यातून परराज्यात कृषी शिक्षणाला जाणाऱ्यांना राष्ट्रीय प्रतिभा शिष्यवृत्ती असते. पुतणीला तिचा आधार झाला, आणि तिच्या होस्टेलमध्ये बहुतेक मुली तशाच घरांतल्या असल्यामुळे मन कधी कानकोंडं झालं नाही. शिष्यवृत्तीचे पैसे वेळेवर येतात का, हेही दुसऱ्या वर्षाच्या मुलांनाच विचारा.

१०. परतीची वाट मोकळी ठेवा

एवढं सगळं पाहूनही निवड चुकू शकते. मूल पहिल्या सुटीत घरी येईल तेव्हा पहिल्याच दिवशी ‘कसं चाललंय?’ असं विचारू नका. दोन दिवस जेवू द्या, झोपू द्या. मग त्याच्या खोलीतल्या मुलांबद्दल विचारा, मेसमधल्या भाजीबद्दल विचारा, रविवारी काय करतो ते विचारा. ‘आम्ही’ हा शब्द त्याच्या बोलण्यात यायला लागला असेल तर काळजी करू नका. सगळं ‘ते लोक’ असं चाललं असेल तर पुढच्या सुटीची वाट न बघता तुम्ही स्वतः जाऊन या.

कॉलेज बदलणं म्हणजे हरणं असं आपल्याकडे मानतात, आणि त्या धाकाने मुलं सोसत राहतात. जाण्याच्या दिवशीच, स्टेशनवर, मुलाला स्वच्छ शब्दांत सांगा, नाही जमलं तर परत ये, आम्ही काही बोलणार नाही. बापाने सांगितलं तर जास्त चांगलं.

आणि कागदांचं लक्षात ठेवा. मूळ मार्कशीट आणि शाळा सोडल्याचा दाखला काही संस्था ठेवून घेतात, म्हणजे मुलाला दुसरीकडे जाता येऊ नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की मूळ कागद पडताळून लगेच परत द्यायचे, स्वतःकडे ठेवायचे नाहीत, आणि प्रवेश ठरावीक मुदतीत रद्द केला तर फी परत करायची. प्रवेशाच्या खिडकीवर साक्षांकित प्रती द्या, मूळ कागद दाखवा आणि तिथेच मागून परत घ्या.